चार चाकांचं पारणं

एकदा एक शिष्य आपल्या ऐंशी वर्षांच्या उपाशी गुरूंना घेऊन हमरस्त्याच्या कडेने चालला होता, आणि त्याच्या काठीच्या टोकाला रेशमी सोवळं फडफडत होतं. आदल्या दिवशी एकादशी झालेली. गुरूंची एकादशी म्हणजे पाण्याचा थेंबसुद्धा नाही. द्वादशीच्या सकाळी पारणं करायचं, आणि त्या दिवशी द्वादशी दहा वाजताच सरत होती. ती हुकली, तर गुरूंचा नेम असा की दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत तोंडात काही घालायचं नाही. पुढच्या गावी त्यांचं प्रवचन होतं. दर दहा पावलांवर ते आताच थांबू लागले होते.

तुम्ही म्हणाल, शिष्याने शिदोरी घेतली नव्हती की काय? अहो, घेणार होता! विश्वंभर त्याचं नाव, आणि मठात त्याच्याइतका नेमाचा माणूस दुसरा नव्हता. पहाटे उठून त्याने सोवळं धुतलं, वाळवलं. त्याला मांजर शिवलं. पुन्हा धुतलं. कुणाचा स्पर्श नको म्हणून ओलंच काठीच्या टोकाला बांधलं, पुन्हा पुन्हा गाठ तपासली, आणि या धांदलीत लाडवांचा डबा मठाच्या ओट्यावरच राहिला. तीन कोस चालून आल्यावर ते त्याच्या ध्यानात आलं, तेव्हा त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"म्हणजे सोवळं आलं आणि पारणं राहिलं," गुरू म्हणाले. रागावले नाहीत. विश्वंभराला ते जास्तच लागलं.

तेवढ्यात देव पावला. रस्त्याच्या उजव्या हाताला एक झगझगीत उपाहारगृह दिसलं. आत बसायची जागा फरशीच्या कामासाठी बंद होती; पण बाजूच्या वाटेने गाड्या रांगेने जात, एका खांबातल्या पेटीशी बोलत, आणि पुढच्या खिडकीतून पिशव्या घेऊन निघून जात. तळलेल्या बटाट्यांचा वास सुटला होता. बटाटा पारण्याला चालतो, हे विश्वंभराने क्षणात शास्त्रात बसवून टाकलं.

तो पेटीसमोर उभा राहिला. पेटी गप्प. त्याने नमस्कार केला. पेटी गप्पच. मागच्या गाडीतला माणूस ओरडला, "काका, खाली जमिनीत पट्टी आहे, त्यावर गाडी आली की मगच ते बोलतं!" मग काय! विश्वंभराने धोतराचा काचा मारला आणि त्या पट्टीवर दोन्ही पायांनी उड्या मारायला सुरुवात केली. काठीवरचं सोवळं प्रत्येक उडीला त्याच्या तोंडावर आपटत होतं. गाड्यांमधली पोरं टाळ्या पिटू लागली. पेटीने काही दाद दिली नाही.

शेवटी तो गुरूंचा हात धरून थेट खिडकीशी गेला. आत टोपी घातलेली एक तरुणी होती.

"काका, तुमची गाडी?"

"गाडी नाही. हे आमचे महाराज. कालपासून निर्जळ आहेत. एक पुडा बटाटे द्या, दहाच्या आत पारणं व्हायला हवं."

"चालत आलेल्यांना इथून देता येत नाही, काका. नियम आहे."

"अहो, बटाटे तिथे, महाराज इथे! मध्ये हातभर अंतर आहे!"

"मागून एखादी गाडी आली आणि तुम्हाला धक्का लागला तर? मालकांनी बजावून सांगितलंय. माझी नोकरी जाईल." ती खरंच कळवळून बोलत होती. "कुणाची तरी गाडी मिळते का बघा ना."

विश्वंभराचा पारा चढला. "भुकेल्या माणसाला चाकं विचारता? माणसाला पाय देवाने दिले ते काय चूक झाली म्हणून? हे अन्न आहे की टायर?" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ही सगळी आपलीच करणी, हे त्याला ठाऊक होतं.

आणि गुरूंनी काय करावं? त्यांनी खिडकीसमोर मनापासून हात जोडले. "शाबास, मुली! इतकी कडक निष्ठा मी आजवर एकाच माणसात पाहिली होती. आज दुसरी भेटली." एवढं बोलून ते हसू लागले, इतके की त्यांना कठड्यावर बसावं लागलं.

विश्वंभराला काही उमजेना. उपासाने महाराजांना भ्रम तर झाला नाही? आणि तो पहिला माणूस म्हणजे कोण, आपणच तर नव्हे? मन सुखावलं, आणि सुखावलं म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटली.

इतक्यात रांगेतला एक रिकामा टेम्पो थांबला. चालकाने मान बाहेर काढली. "म्हाराज? तुम्ही हितं कसं?"

तो लिंबाजी होता. विश्वंभराने त्याला ओळखलं आणि त्याचा चेहरा पडला. दशमीलाच लिंबाजीने मठात तांदळाची पोती पोचवली होती. सगळी पोती पाठीवरून कोठीत लावली, तोवर पंगत बसली, आणि तो हात धुऊन शेवटच्या पाटावर टेकणार, एवढ्यात विश्वंभर पुढे झाला होता. 'पँटवर पंगतीत बसता येत नाही. धोतर असेल तरच.' लिंबाजी 'बरं' म्हणाला होता आणि उपाशीच निघून गेला होता. जाताना त्याने फाटकसुद्धा नीट लावून घेतलं होतं.

विश्वंभराने अडखळत सगळी हकिगत सांगितली. लिंबाजीने शेजारची जागा हाताने झाडली, एकदा विश्वंभराच्या कमरेकडे पाहिलं आणि दार उघडलं.

"बसा की! आमच्या टेम्पोत धोतर चालतं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर विश्वंभराला सोपं गेलं असतं.

टेम्पो पट्टीवर आला. पेटी तत्काळ मंजुळ आवाजात स्वागत करू लागली. खिडकीतली तरुणी तिघांना पाहून इतकी हरखली की तिने पुडा काठोकाठ भरला. रांग ओलांडून टेम्पो कडुलिंबाखाली थांबला. दहाला अजून अवकाश होता. तेल कशाचं, असं विचारायला विश्वंभराचं तोंड सवयीने उघडलं. गुरूंनी त्यात बटाट्याची एक काडी ठेवली.

"तिच्यावर रागावू नकोस," ते म्हणाले. "कुणी गाडीखाली येऊ नये म्हणून तिचा नियम. पंगत स्वच्छ राहावी म्हणून तुझा. दोन्ही चांगल्या हेतूने जन्मले. पण नियमाला दारात बसवलं, की तो हळूहळू घराचा मालक होतो, आणि अन्न आत निवत राहतं. त्या मुलीला निदान नोकरीची भीती आहे. तुला कुणाची होती रे?"

विश्वंभर खाली उतरला. पहाटेपासून जपलेली, पुन्हा पुन्हा तपासलेली ती गाठ त्याने काठीवरून सोडली, सोवळं झटकलं आणि कडुलिंबाखाली धुळीत अंथरलं.

"लिंबाजीदादा, बसा."

"अवं, पँट तेलकट हाय माझी!"

"म्हणूनच बसा. दशमीचं तुमचं पान राहिलंय. मी वाढतो."

लिंबाजी संकोचून काठावर टेकला, मग मांडी घालून नीट बसला. विश्वंभराने आधी गुरूंपुढे बटाटे ठेवले, मग त्याच्यापुढे. गुरूंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पारणं झालं."

आपल्याही दारात एक पेटी असतेच. ती कोणाच्या पायांपुढे गप्प राहते, तेवढं ज्याने त्याने घरी जाऊन पाहावं.