मागून येणारे चौघे

डोंगरापलीकडच्या एका गावात भिवसन नावाचा एक तांबट राहत होता. घरात माणसं दोनच, तो आणि त्याचे म्हातारे वडील. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडिलांना सारं गाव आबा म्हणायचं, म्हणून भिवसनही आबाच म्हणायचा. जन्मभर हंडे-घागरी ठोकून आबांचे हात राकट झाले होते, पण बोलणं मात्र फार मऊ होतं.

त्या वर्षी उन्हाळा सुरू झाला आणि आबांचं जेवण तुटलं. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. भिवसननं भात मऊ करून बघितला, कढी करून बघितली, शेजारच्या काकूंकडून सांज्याच्या पोळ्या करून आणल्या. आबा म्हणायचे, "चांगलं आहे रे, पण इच्छाच होत नाही." वैद्यानं नाडी पाहिली आणि भिवसनला बाहेर नेऊन सांगितलं, "वय झालंय. जे मागतील ते खाऊ घाल."

पण आबा काही मागतच नव्हते.

एके दिवशी सकाळी ओट्यावर बसल्या बसल्या ते आपणहून म्हणाले, "भिवसन, केसरमावशीकडचे मांडे खावेसे वाटतात. लग्न झाल्यावर तुझ्या आईला घेऊन गेलो होतो तिथं. तेव्हा मावशीची सासू करायची. तुझी आई लाजून बोलत नव्हती, पण मांडे मात्र मागून मागून खाल्ले तिनं."

आबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. भिवसननं त्याच क्षणी ठरवलं, काहीही झालं तरी आबांना मांडे खाऊ घालायचे.

केसरमावशीची खानावळ जिथं दोन गाडीवाटा मिळत, तिथं होती. पुरणाचे मांडे करणं म्हणजे सोपं काम नव्हे. कणीक पहाटेपासून तिंबावी लागते. ती हातांवर झेलत झेलत लुगड्यासारखी पातळ पसरावी लागते. आणि चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर तापायला लाकडांचा भारा लागतो. म्हणून मावशीचा एक नियम होता. निदान सहा माणसांची पंगत असेल आणि आधी निरोप आला असेल, तरच खापर चढायचं. मांड्यांच्या दिवशी दुसरा स्वयंपाक होत नसे, कारण तिचे दोन्ही हात त्यातच गुंतलेले असत. निरोप आला की तेवढी पानं त्या लोकांची. मग दारात कोणीही येवो, ती पानं मावशी दुसऱ्याला द्यायची नाही.

भिवसननं बाजाराला जाणाऱ्या गाडीवानाजवळ निरोप दिला. गाडीवान म्हणाला, "सहा माणसं आहेत का तुमची?"

"दोघंच आहोत."

"मग शेजारपाजारचे चौघं घ्या की बरोबर. नाहीतर मावशीला विचारून बघतो, दोघांसाठी करते का."

भिवसनला दारोदार जाऊन कोणाला बोलवायचा कंटाळा आला. विचारायचं म्हटलं तर मावशी नाही म्हणेल, अशी भीती वाटली. तो म्हणाला, "नको, विचारू नकोस. सहाजण येतोय म्हणून सांग. पैसे सहा जणांचे देणारच आहे मी. त्यात कोणाचं काय जातंय?"

गाडीवानानं तसा निरोप पोचवला.

ठरल्या दिवशी भिवसननं गाडीत गवत घालून वर गोधडी अंथरली आणि आबांना बसवलं. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. पोचेपर्यंत ऊन चढलं. खानावळीच्या ओसरीवर एकीकडे कोणा वाण्याच्या घरची मोठी पंगत बसली होती आणि दुसऱ्या बाजूला केळीची सहा पानं मांडून ठेवली होती. चुलीचा धूर आणि वेलदोड्याचा वास सगळीकडे भरला होता.

केसरमावशी पदराला हात पुसत बाहेर आली आणि आबांना म्हणाली, "या, दादा. बसा. आणि बाकीचे चौघं?"

वाटेत भिवसननं ठरवलं होतं, की त्यांना अचानक काम निघालं असं सांगायचं. पण तसं सांगितलं आणि मावशीनं वाढायला नकारच दिला तर काय करायचं? त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"मागून येताहेत."

"येऊ देत मग. मांडा खापरावरून थेट पानात पडला पाहिजे. सगळे बसले की वाढते." असं म्हणून मावशी वाण्याच्या पंगतीकडे गेली.

आबा चकित होऊन भिवसनकडे बघत होते. "कोण येतंय रे? मला काही बोलला नाहीस."

आता खरं सांगायला हवं होतं. भिवसनला ते कळत होतं. पण मावशी जवळच होती, आणि आबांचा चेहरा इतका उजळला होता, की त्याला ते जमलं नाही.

"तुमचेच जुने सोबती आहेत," तो म्हणाला.

"बारकू येतोय?"

भिवसननं मान हलवली.

आबा ताठ बसले. त्यांनी पागोटं नीट केलं. बारकू म्हणजे त्यांच्या तरुणपणचा जोडीदार. दोघं एकाच भात्यावर काम शिकले होते. पुढं बारकू सासुरवाडीच्या गावी राहायला गेला आणि भेटी तुटल्या. आबा वाटेकडे डोळे लावून बसले आणि मधूनमधून आपल्याशीच बोलू लागले. "त्याला तूप फार लागतं. मावशीला सांगून ठेवायला पाहिजे." मग पुन्हा म्हणाले, "मला ओळखेल ना रे? फार वाळलोय मी."

भिवसन पाण्याच्या तांब्याशी उगाच चाळा करत राहिला.

तेवढ्यात अंगणात चारजणी येऊन उभ्या राहिल्या. एक बाई, तिच्या दोन लहान मुली आणि तिची म्हातारी सासू. चौघींचे पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरले होते. म्हातारी ओट्याच्या खांबाला धरून खालीच बसली.

"मावशी, जेवायला मिळेल का?" बाईनं विचारलं. "सकाळपासून चालतोय. नणंदेच्या घरी दुखवट्याला निघालोय. सासूबाईंना घेरी येतेय."

मावशीचा चेहरा पडला. "बाई गं, आज मांड्यांचा दिवस. मोजून कणीक तिंबलीय. दुसरं घरात काही शिजवलेलं नाही." तिनं त्या रिकाम्या पानांकडे बघितलं आणि भिवसनकडे वळली. "तुझी माणसं नक्की येताहेत ना, बाळा? येणार नसतील तर सांग. या चौघींना बसवते."

अंगणातली ती बाई भिवसनकडे बघत होती. धाकट्या मुलीची नजर पानांवर होती. आणि शेजारी बसून आबा मुलाच्या वतीनं हसत मान हलवत होते, "येताहेत, येताहेत. माझा बारकू येतोय."

भिवसन म्हणाला, "येताहेत."

मावशीनं चौघींना गूळ आणि पाणी दिलं. सूप भरून चुरमुरे होते, ते मुलींच्या ओच्यात घातले. थोडा वेळ त्या सावलीला बसल्या. मग बाई म्हणाली, "अंधार व्हायच्या आत पोचलं पाहिजे." तिनं सासूला हाताला धरून उठवलं आणि त्या चालू लागल्या.

ऊन कलायला लागलं. वाण्याची पंगत जेवून उठली आणि गेली. मावशीनं दोनदा येऊन विचारलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "दादा, तुम्ही तरी बसून घ्या. भूक लागली असेल."

"छे, छे," आबा म्हणाले. "इतक्या वर्षांनी येताहेत ते. त्यांच्या आधी मी घास कसा घेऊ?"

ते ऐकून भिवसनला राहवलं नाही. तो आबांच्या पायांशी बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "आबा, कोणी येणार नाही. मी कोणाला बोलावलंच नव्हतं. सहाजण असल्याशिवाय मावशी मांडे करत नाही, म्हणून खोटं सांगितलं."

आबांचे डोळे वाटेवरच होते, फक्त आता ते कोणाची वाट बघत नव्हते.

"म्हणजे बारकूला ठाऊकच नाही," ते म्हणाले.

"नाही, आबा."

"आणि त्या चौघी?"

आबा काठी टेकत उठले, अंगण ओलांडून वाटेपर्यंत गेले आणि कपाळावर हात धरून लांबवर बघत राहिले. वाट वळणापर्यंत मोकळी होती. त्यांनी हाक मारायचा प्रयत्न केला, पण आवाज कुंपणापलीकडेही गेला नसेल.

मावशीनं दारातून सगळं ऐकलं होतं. ती रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "बाळा, म्हाताऱ्या माणसाला खावंसं वाटतंय, एवढं जरी सांगून पाठवलं असतंस, तरी एकट्या दादांसाठी मी खापर चढवलं असतं. नियम मी केलाय. तो मोडायचाही मीच ना. तू विचारलंच नाहीस."

आबा परत आले तेव्हा तिनं त्यांचा हात धरला. "चला, गरम गरम करून वाढते."

आबांनी तिला नमस्कार केला. "मावशी, तुमच्या हाताचा अपमान नाही करत मी. पण आज घास उतरायचा नाही."

ते न जेवताच गाडीत बसले. पहाटेपासून तिंबलेली कणीक मावशीनं संध्याकाळी गाईपुढं ठेवली.

परतीच्या वाटेवर आबांनी एकच गोष्ट विचारली. "बारकू जिवंत तरी आहे का रे?"

"मला माहीत नाही, आबा."

दुसऱ्याच दिवशी भिवसन बारकूच्या गावी गेला. त्याला वाटलं होतं, बारकूला गाडीत घालून आणावं, म्हणजे खोट्याचं खरं तरी होईल. पण बारकू थंडीतच गेला होता. त्याच्या सुनेनं सांगितलं, की शेवटी शेवटी तो आबांची आठवण काढायचा.

घरी आल्यावर आबांनी नजरेनंच विचारलं. 'तो बाहेरगावी गेलाय, येईल पुढच्या महिन्यात' असं सांगणं फार सोपं होतं. ते भिवसनच्या ओठांवर आलंही होतं. पण तो म्हणाला, "गेले ते, आबा. थंडीत गेले. तुमची आठवण काढायचे."

आबांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "बरं केलंस सांगितलंस."

त्यानंतर आबांनी अंथरूण धरलं. भिवसन पुन्हा केसरमावशीकडे गेला आणि या वेळी त्यानं जसं होतं तसं सांगितलं. मावशीनं एका माणसासाठी कणीक तिंबली, खापर तापवलं आणि मांडे धुतलेल्या पंच्यात बांधून दिले. भिवसन अंगणात थांबला असताना दोन वाटसरूंनी येऊन उद्यासाठी आठ माणसांची पानं सांगितली. मावशी त्यांना म्हणाली, "निरोपावर पानं ठेवत नाही आता. सगळी माणसं येऊन बसली, की मग कणीक भिजवते." ते म्हणाले, "एवढा वेळ कुठला, मावशी? लांब जायचंय." आणि ते तसेच पुढं निघून गेले. मावशीनं भिवसनकडे बघितलंही नाही. पण आपल्या खोट्यामुळंच तिचा नियम बदलला, हे त्याला कळलं.

तो घरी पोचला तेव्हा मांडे निवले होते. त्यानं एक तुकडा दुधात भिजवून आबांच्या ओठांशी नेला. आबांनी तो जिभेवर घेतला. पुष्कळ वेळ तोंडात धरला. गिळता येईना, म्हणून भिवसननं तो हळूच कापडानं टिपून काढला.

"कसे झालेत, आबा?"

"छान," आबा म्हणाले. "अगदी तसेच."

भिवसन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. लहानपणापासून आबांचा शब्द त्यानं कधी पारखून घेतला नव्हता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला प्रश्न पडला, आबांना खरंच चव लागली, की ते आपलं मन राखायला बोलले? विचारायचं त्याला धाडस झालं नाही. चार दिवसांनी आबा गेले, आणि तो प्रश्न जन्मभर त्याच्यापाशीच राहिला.

मुलांनो, यातून तात्पर्य घ्यायचं ते असं: जे खरं सांगून मागता आलं असतं, ते खोटं सांगून अडवू नये. आपण अडवलेल्या जागेपाशी येऊन कोण उपाशी परत गेलं, हे आपल्याला कायमचं छळतं. आणि ज्याच्यासाठी खोटं बोललो, त्याच्या तोंडीही तो घास लागत नाही.