कागदावरची रेंज

प्रकल्प निवडायचा शेवटचा दिवस होता. खरीखुरी अँटेना बनवायला माझे हात शिवशिवत होते. विभागप्रमुख पाटणकर सर माझ्या मेंदीकडे बघून म्हणाले, "नवी नवरी उन्हात गच्चीवर तारा ओढत फिरणार? त्यापेक्षा आकडेमोड कर. कागदावर सिद्ध झालं की झालं."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. "हॅलो, कुलगुरू साहेब? आवाज तुटतोय," म्हणत सर खिडकीकडे धावले आणि अर्धे बाहेर वाकले.

मी अँटेनासाठी आधीच केलेल्या आकडेमोडीचा कागद पुढे केला. "सर, उन्हात कशाला वाकता? बसून बोला. या कागदावर पूर्ण रेंज आहे."

फोन कटला. सर खिडकीतून आत आले.

"गच्चीची किल्ली शिपायाकडे आहे," ते म्हणाले. "अँटेना माझ्या खिडकीच्या वर लाव."