शाबूत राहिलेला रांजण

एका राज्यात हिवाळाभर घाटवाटा बर्फाने बुजून जात, आणि तेथे कुट्टूवाचून दुसरे धान्य पिकत नसे. तिकोनी, हिरवट दाणा. तोच प्रजेचा आधार. राजा मणिध्वजाला दोन कन्या होत्या, थोरली कनकवल्ली आणि धाकटी मृगावती. राजाने कोठाराची किल्ली धाकटीच्या हाती दिली, आणि थोरलीच्या काळजात निखारा पडला.

मृगावती दाणे खडखडीत वाळवी, थंड तळघरातल्या रांजणांत भरी, झाकणे मेणाने लिंपी. घरोघर तिचे नाव निघे. कनकवल्लीला ते ऐकवेना. धाकटीच्या कोठारातला घासही तिला नकोसा झाला. ती कंदमुळे खाऊन राहू लागली.

अखेर ती कालजंघ नावाच्या मांत्रिकाकडे गेली आणि धाकटीचे धान्य नासावे, एवढेच तिने मागितले. त्याने गुहेतली ओल एका डबीत कोंडून दिली. तिने ती डबी तळघरात उघडली. दाणे आतून नासले, वरून मात्र हिरवेच दिसत राहिले. ज्याने ते खाल्ले तो झोपी गेला. राजा निजला, नगर निजले, मृगावती चुलीपाशीच कलंडली.

कनकवल्लीने तिच्या कमरेची किल्ली काढून आपल्या कमरेला खोचली. पण ते पाहायला कोणी जागे नव्हते. तिने बापाला हाका मारल्या, धाकटीला गदागदा हलवले. कोणी हूं की चूं केले नाही. तेव्हा तिला भय वाटले आणि ती तळघरात धावली.

तुळईवर एक मैना बसली होती. ती म्हणाली, "एक रांजण अजून शाबूत आहे. त्याची पेज पाजशील तर सारे उठतील. हाताने पारख, नाकाने पारख, जिभेने पारख. डोळ्यांवर विसंबू नकोस."

कनकवल्लीने एकेका रांजणात हात घातला. जेथे दाणे ओलसर, एकमेकांना चिकटलेले लागले, ते रांजण तिने बाजूला सारले. उरलेल्यांचा वास घेतला. ज्यांना खवट तेलासारखी घाण आली, तेही सारले. शेवटी बियाण्याचा रांजण उरला. त्याच्या झाकणाखाली मृगावतीने मेणकापडाची आणखी एक घडी दाबली होती, आणि त्यातून कोरड्या मातीचा स्वच्छ वास येत होता. म्हणजे तिची राखण मंत्रालाही पुरून उरली होती. कनकवल्लीचा जीव पुन्हा जळाला. झोप येईल ती येवो, म्हणून तिने एक दाणा चावला. तो कडूजहर लागला.

मैना म्हणाली, "दाणा कडू नाही. तुझी जीभ कडू आहे. जे खरे आहे ते बोल."

कनकवल्लीने मेणकापडाची ती घडी हातात घेतली. मग म्हणाली, "हे मृगावतीने राखले. मला असे राखता आले नसते."

तिने दुसरा दाणा चावला. तो गोड होता.

तिने पेज रांधली आणि पहिला घोट धाकटीच्या ओठांना लावला. पेजेची वाफ जेथवर गेली तेथवर मंत्र सुटला. माणसे उठली, नासलेले दाणे सुधारले. कनकवल्लीने आपली करणी राजाला सांगितली. तो तिला हद्दपार करणार होता, पण मृगावतीने आडवी येऊन विनवले की ताईला येथेच राहू द्यावे; नासके धान्य तिच्याइतके आता कोणालाच ओळखता यायचे नाही. राजाने ते मानले. किल्ली धाकटीकडे परत गेली, आणि थोरलीने वास घेतल्यावाचून एकाही रांजणातला दाणा चुलीवर जाईनासा झाला.

तरी एखादे दिवशी लोक मृगावतीचे कौतुक करीत, आणि कनकवल्लीच्या तोंडचा घास कडवट होई. ती तो गिळी आणि दुसरा घेई.

त्या राज्यात पुढे कोणी उपाशी निजले नाही. ऐकणाऱ्यांची कोठारेही अशीच भरलेली आणि कोरडी राहोत.