जांभळीकडची लांबची वाट

मुलांनो, एका जंगलाच्या मधोमध एक तळं होतं आणि त्याच्या रेताड काठावर टिटव्यांची वस्ती राहत असे. टिटवी काही झाडावर घरटं बांधत नाही. थोडे खडे गोळा करते आणि उघड्या जमिनीवरच अंडी घालते. वर ऊन, खाली तापलेली रेती, आणि राखणीला देव! तळ्याच्या एका अंगाला डोंगर होता. तिथले ससे आणि सांबरं पिढ्यान्‌पिढ्या हत्तीच्या मागे. दुसऱ्या अंगाला माळ होता. तिथली हरणं आणि कोल्हे कायम गव्याच्या मागे. काही वर्षांनी एकदा, चैत्रात, जंगलाचा कारभारी निवडायची वेळ येई. तेव्हा काठापलीकडच्या मैदानात जो तो आपल्या धन्यामागे जाऊन उभा राही. दोन्हीकडची गर्दी सारखीच भरे. त्यामुळे टिटव्या ज्याच्यामागे जातील, तोच कारभारी होई.

त्याआधीची एक रीत होती. आई पूजेला बसताना हातावर पाणी घेऊन संकल्प सोडते ना, तसंच कारभारी व्हायला उभं राहणाऱ्याने तळ्याचं पाणी टिटव्यांसमोर सोडायचं आणि शब्द द्यायचा. एका वर्षी हत्तीने सोंडभर पाणी सोडलं. म्हणाला, "माझा कळप तुमच्या काठावर पाऊल ठेवणार नाही. आम्ही वळसा घालून, जांभळीच्या झाडाकडच्या लांबच्या वाटेने पाण्यावर येऊ." टिटव्या त्याच्यामागे गेल्या. पण उन्हाळा तापला, लांबची वाट जिवावर आली आणि कळप सरळ काठावरून गेला. अंडी चिरडली. पुढच्या खेपेला टिटव्या गव्याकडे वळल्या. त्याने तोंडभर पाणी सोडून तोच शब्द दिला. आणि त्याचे खूरही काठावरूनच गेले.

पुन्हा चैत्र आला. काठावर पुन्हा अंडी होती. एक म्हातारी टिटवी आपल्या अंड्यांवर बसली होती, तोच गव्याच्या बाजूचा एक कोल्हा पुढे आला.

"काय मावशी, यंदा कुणीकडे? तुमचं आपलं बरं असतं. वारा येईल तिकडे तोंड!"

"पाखरू वाऱ्याकडेच तोंड करून बसतं, कोल्होबा," टिटवी म्हणाली. "पाठ केली तर पिसं उलटतात."

तेवढ्यात गवा पुढे झाला. त्याने आपला खूर अंड्यांच्या वर उचलून धरला. "टिटवे, ऐकून ठेव. हत्तीकडे गेलात तर माझा कळप आत्ता, इथूनच पलीकडे जाईल."

टिटवी जागची हलली नाही. तिने पंख पसरले आणि अंडी पुरती झाकून घेतली. "जा की. पण आधी माझ्यावरून जावं लागेल. आणि मला तुडवून तू मैदानात उभा राहशील, तेव्हा तुझ्यामागची हरणंसुद्धा तुझ्या खुरांकडे बघतील."

साऱ्या टिटव्यांनी एकच कलकलाट केला. मैदानातली सगळी जनावरं वळून बघू लागली. गव्याचा खूर तसाच अधांतरी राहिला, मग हळूच मागे गेला.

आता टिटवी काठाशी आलेल्या हत्तीकडेही वळली. "पाणी सोडून खूप झालं, दादांनो. व्रत घेऊन भागत नाही, पाळावं लागतं. यंदा पाणी नको नि शब्दही नको. आपापला कळप जांभळीकडून वळवून मैदानात आणा. जो आणील, त्याच्यामागे आम्ही."

"मी? या मूठभर पाखरांसाठी वळसा घालू?" गवा फुरफुरला आणि तिथेच उभा राहिला. हत्तीलाही राग आला होता. पण त्याने दोन्हीकडची गर्दी पाहिली, एक लांब सुस्कारा सोडला आणि कळप घेऊन जांभळीकडे वळला. मनापासून नव्हे हो, पण वळला. कारभारी तोच झाला.

एक ससा मात्र टिटवीवर चिडला. "आम्ही जन्मभर हत्तीच्या मागे! डोंगरावरचा आमचा झरा दगडांनी बुजलाय, तो मोकळा करायला कधी आला नाही. आणि तुमच्यासाठी एवढा वळसा?"

"तुम्ही कुठे जाणार नाही, हे त्याला ठाऊक आहे ना, भाऊ," टिटवी हळूच म्हणाली.

त्या उन्हाळ्यात कळप जांभळीकडूनच पाण्यावर येत राहिला. अंडी उबली आणि काठावर कितीतरी वर्षांनी काडीसारख्या पायांची पिल्लं पळू लागली. ससे डोंगरावरून बघत होते.

पुढच्या निवडीच्या चैत्रात हत्ती निश्चिंत मनाने मैदानात आला. मागे वळून पाहतो तर ससे नाहीत! ते टिटव्यांच्या शेजारी, काठावर बसले होते.

"अरे, तुम्ही इथे कसे? तुम्ही तर आपलेच!"

तोच ससा उठला. त्याचे कान भीतीने पाठीला चिकटले होते, पण आवाज पडला नव्हता. "आपलेच होतो, मालक. म्हणूनच झरा बुजलेला राहिला. आधी तो मोकळा करा. तोवर आम्ही इथेच बसणार."

हत्तीने मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. समोर गवा दिसेना. तो केव्हाच झऱ्याच्या दिशेने डोंगर चढू लागला होता.

तात्पर्य : आपली साथ कुणाच्याही दावणीला बांधून ठेवू नये, शब्द पाळणाऱ्याला ती द्यावी आणि मोडणाऱ्याकडून न भिता परत घ्यावी.