खांबाचं भाडं

“पण खांबाशिवाय मी तिथं जाऊन करू काय, वस्ताद?”

विमानतळावर सामान तोलतात त्या काट्यापाशी यशोधन अडून बसला होता. काट्यावर त्याचा टांगता मल्लखांब, जुन्या धोतरात गुंडाळलेला, पोर निजवावं तसा आडवा.

गुवाहाटीला मोठी स्पर्धा. वाईच्या तालमीतून हा एकटाच निवडला गेलेला, त्यामुळं तोराही चढलेला. स्पर्धावाल्यांनी कळवलं होतं, खांब इथं मिळेल, तुम्ही नुसते या. पण ऐकतो कशाला! वर निघताना मोठ्या मायेनं खांबाला एरंडेल चोपडलेलं. आता धोतर भिजून काट्यावर तेलाचा ओघळ.

काउंटरवरची मुलगी रागावली नाही, हसलीही नाही.

“दादा, हे प्लास्टिकात बांधून आणा. आणि लांबी जास्त आहे, वजनही. खेळाच्या सामानाचं भाडं वेगळं पडेल.”

भाडं सांगितलं. तिकिटाहून जास्त.

“आणि जरा लवकर. काउंटर बंद होतोय.”

यशोधन वळला. कोंडिबा वस्ताद पाहुण्यांचा पास काढून त्याला आतपर्यंत पोचवायला आले होते, आणि जाता जाता पुण्याच्या बाजारातून तालमीसाठी गाद्या घ्यायच्या होत्या. जुन्या गाद्यांतला काथ्या पार बाहेर आलेला. लहान पोरं खांबावरून पडली की कोपरं सोलून निघत.

“गाद्यांचे पैसे आहेत ना तुमच्याजवळ? बक्षीस मिळालं की भरतो मी.”

वस्तादांनी बंडीतून पैशांची पिशवी काढली अन् खांबाशेजारी ठेवली.

...

“गाठ कुठं हाय रं?” वस्तादांनी विचारलं.

“कसली?”

“ह्या खांबाच्या लाकडातली. डोळं मीट आन् सांग.”

यशोधननं डोळे मिटले. गालातल्या गालात हसला. हे काय विचारणं झालं?

“वरून वीतभर खाली, डाव्या अंगाला. उलटा लोंबलो की अंगठा बरोबर तिथं टेकतो. म्हणून तर सुटत नाही मी.”

“आन् गाठ नसली तर?”

“तर...”

“तर?”

रांगेतले एक काका वैतागले होते. “अहो पैलवान, लाकूड जाणार की माणूस, एकदाचं ठरवा!”

लोक हसले. यशोधनला हसू आलं नाही. डोळे उघडले होते, पण तो कुठंच बघत नव्हता.

“इतकी वर्सं मला वाटायचं, पोराला मल्लखांब येतो,” वस्ताद म्हणाले, पाऊसपाण्याचं बोलावं तसं. “त्याला गाठ येती.”

...

“काय करायचं?” मुलीनं विचारलं.

यशोधननं पिशवी उचलली, वस्तादांच्या हातात दिली. मग खांब उचलला. वस्तादांनी खांदा पुढं केला. पांढऱ्या बंडीवर तेलाचा डाग पसरत गेला.

काट्यावर आता यशोधनची नुसती कापडी बॅग. मुलीनं तिला चिठ्ठी लावली.

यशोधन आत जायच्या दारापर्यंत गेला, आणि परत आला. तालमीत पहिल्या दिवशी दारात घुटमळला होता, तस्सा चेहरा.

“वस्ताद... तिथला खांब कसा असेल?”

वस्तादांनी ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

“त्याला तरी कुठं ठाव हाय, तू कसा हायस?”