कच्चे जव

दानाचे धान्य भाजूनच द्यावे आणि असे का ते विचारू नये, हे कुरंगीला लहानपणापासून शिकवले होते.

फार पूर्वी, हिंदुकुशाच्या पायथ्याशी कापिश देशात सुभूम राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्वाने एका दानशूर घराण्यात मुलीचा जन्म घेतला. तीच ही कुरंगी. थंडी सरत आली की डोंगरातले गरीब लोक तिच्या घरच्या दानशाळेत येत. भट्टी पेटे, जव भाजले जात आणि प्रत्येक कुटुंबाला एक पोते मिळे. भट्टी पेटवण्याचा मान घरातल्या सर्वांत धाकट्या मुलीचा. नऊ वर्षे कुरंगीने तो निमूट सांभाळला.

दहाव्या वर्षी मेखा नावाची विधवा दोन मुलींना घेऊन आली. कोसळलेल्या बर्फाखाली तिचा नवरा गेला होता आणि बियाण्याची कणगीही.

"ताई, यंदा भाजू नका हो," ती म्हणाली. "पंधरा दिवसांवर पेरणी आहे. बी नाही मिळालं तर धाकटीला सावकाराच्या घरी राबायला ठेवावी लागेल."

"इतकी वर्षं कुणी बोललं कसं नाही?"

"वाढणाऱ्याचा हात कोण धरणार?" मेखा हसली. "माझ्या सासूनं एकदा भाजलेलेच पेरले होते. चिमण्या तेवढ्या धष्टपुष्ट झाल्या!"

कुरंगी तडक वडीलधाऱ्यांपुढे जाऊन उभी राहिली.

"गरिबाला तयार द्यावं," थोरले काका म्हणाले. "डोंगरात सरपण कुठलं?"

"मग अर्धे भाजा, अर्धे कच्चे द्या."

"कुरंगे, शहाणपणा पुरे."

आजोबांनी मात्र तिला मायेने जवळ बोलावले. "पोरी, पेरलं की पिकेल. पिकलं की पुढच्या वर्षी आपल्या दारी कोण येईल? आणि कुणी आलंच नाही, तर आपल्याला पुण्य लाभेल कसं?"

त्यांच्या बोलण्यात कपट नव्हते. ते खरोखरच तसे मानत होते, आणि बाकीचे माना डोलावत होते.

"म्हणजे आपल्या पुण्यासाठी त्यांनी जन्मभर गरीब राहायचं?"

"रीत आहे ती!" काकांनी जळती काडी तिच्या हातात दिली. "ऊन चढलं. पेटव."

कुरंगीने काडी शेजारच्या घागरीत बुडवली.

"मी पेटवणार नाही. माझ्याहून धाकटी या घरात कुणी नाही, आणि दुसऱ्या कुणी पेटवली तर तीही रीत मोडते. आज एक तरी रीत मोडणारच. कुठली ते तुम्ही ठरवा."

काकांनी आजोबांकडे पाहिले. आजोबांनी भट्टीकडे पाहिले. भट्टी थंडच राहिली.

त्या दिवशी पोती कच्च्या जवांनीच भरली गेली. उन्हाळ्यात मेखाचे पीक कमरेएवढे झाले आणि तिच्या दोन्ही मुली तिच्यापाशीच राहिल्या.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची मेखा म्हणजे काल तुम्हांला भिक्षा वाढणारी ती कोष्टीण. आजोबा आणि काका म्हणजे इथे बसलेलेच काही स्थविर. नावे घेत नाही. कुरंगी मीच होतो. दान त्या घरी पिढ्यान्‌पिढ्या होतेच, उणी होती ती प्रज्ञा. त्या जन्मी मी प्रज्ञापारमी आचरली."