फाटकावर अडलेला चेहरा

केळुसकरांच्या बुटाला माशाचा एक खवला चिकटला, तेवढ्यावरून सोसायटीच्या फाटकावर फलक लागला: "माशाचा एक खवलाही आत येता कामा नये." केळुसकर पडले अध्यक्ष. सुंदराबाई कोळणीची आतली बारा गिऱ्हाइकांची घरं एका झटक्यात गेली.

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन फाटकाबाहेरच बसली. गिऱ्हाइकं तिथेच जमली. तेवढ्यात केळुसकर फेरफटका मारून आले.

"नियम म्हणजे नियम," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "उद्या मी खवला आणला तरी मलाही अडवायचं."

"बरोबर आहे शेट," सुंदराबाई म्हणाली. "पण साठीतही तुमचा चेहरा असा तुकतुकीत कसा?"

केळुसकर गालावरून हात फिरवत खुलले. "मरीन कोलॅजनचं क्रीम लावतो रोज. तुला नाही कळायचं."

"कळतं की. मासे साफ केले की खवले मी धुऊन, वाळवून कारखान्यात देते. तिथं त्यातूनच कोलॅजन काढतात, क्रीममध्ये घालायला."

केळुसकरांचा हात गालावरच राहिला.

सुंदराबाई वॉचमनकडे वळली. "शेटना आत जाऊ दे बाबा. चेहरा तेवढा इथं ठेवून घे."

फलक दुपारीच उतरला. चेहरा मात्र आठवडाभर कुणाला दिसला नाही.